बोटाला जबाब देणारी कळ

संगणकाच्या कळफलकावर आपण रोज शेकडो वेळा बोट ठेवता. पण त्या कळीच्या पोटात काय घडते, याचा कधी विचार केला आहे काय? आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी टायपिंगच्या क्लासात टंकलेखन यंत्रावर हात बसविला, त्यांना हा प्रश्न पडत नसे. कळ दाबली की दांडा उठे आणि कागदावर ठोका बसे. नजर मूळ मजकुरावरच ठेवावी असा क्लासचा दंडक. तरीही अक्षर उमटल्याचे बोटाला आणि कानाला आपोआप समजे.

संगणकाला असा ठोका लागत नाही. कळ दाबली गेली, एवढा इशारा त्याला पुरतो. तो देण्याच्या नाना युक्त्या निघाल्या. एकीत काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या बंद केलेल्या असत. कळीबरोबर चुंबक खाली आला की त्या एकमेकींना चिकटत. 1879 साली एडविन हॉल यांनी चुंबक आणि विद्युतप्रवाह यांचा जो संबंध दाखविला, तोही पुढे हनीवेल कंपनीने कळीत वापरला. त्यात धातूवर धातू घासतच नाही. यंत्राचे काम चोख झाले, पण बोटाला जबाब कोण देणार?

हा जबाब आयबीएमच्या रिचर्ड हंटर हॅरिस यांनी दिला. 1978 साली त्यांना मिळालेले पेटंट म्हणजे एका साध्या स्प्रिंगची करामत होय. कळीखाली उभी स्प्रिंग असते. दाब वाढत जातो, आणि एका क्षणी ती एकदम बाजूला वाकते. तिच्या पायाशी बसविलेला छोटा पत्रा त्याच क्षणी कलंडतो, इशारा जातो आणि 'खट्' असा आवाज होतो. म्हणजे आवाज आणि अक्षर एकाच वेळी! 1981 च्या आयबीएम पीसीला हीच कळ होती.

मात्र ही कळ महाग पडे. 1982 साली इंग्लंडमध्ये निघालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमला रबरी बटणे होती. लोक हसले, पण 125 पौंडांत संगणक घरी आला, हे विसरून कसे चालेल? आयबीएमने मात्र 'पीसी ज्युनियर'ला गोळ्यांसारखी सुटी बटणे लावली, तेव्हा एवढी ओरड झाली की 1984 साली ग्राहकांना कळफलक फुकट बदलून द्यावे लागले. जर्मनीत निघालेली चेरी एमएक्स ही कळ त्याच दशकातली. ती चार मिलिमीटर खाली जाते, पण इशारा निम्म्या वाटेवरच देते. निळ्या रंगाची वाजते, तपकिरी नुसती अडखळते, तांबडी सरळ खाली उतरते.

स्वस्त कळफलकांत अखेर रबरच टिकले. शाळेत एखादा मोडीत निघालेला असेल, तर शिक्षकांना विचारून त्याचे स्क्रू काढा. बहुधा वर रबरी घुमटांची चादर दिसेल, खाली प्लॅस्टिकचे तीन पातळ थर. मधल्या थराला भोके आहेत. बोटाने घुमट दाबला की वरच्या थरावरची रुपेरी रेघ त्या भोकातून खालच्या रेघेला टेकते.