पोटगीच्या आकड्याची कुळकथा

बऱ्हाणपूरच्या न्यायालयात फौजदारी अर्जावर पोटगीचा आकडा ठरतो, त्याचे कूळ विवाहाच्या कायद्यात सापडत नाही. 1860 च्या सुमारास हे शहर शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि 1861 मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली. बायकामुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याकडून दरमहा जास्तीत जास्त 50 रुपये वसूल करण्याचा अधिकार तिने मॅजिस्ट्रेटला दिला. 1872 ची संहिता घडवणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या मते या तरतुदीचा हेतू भटकेपणा रोखणे हा होता. म्हणजे सरकारला चिंता रस्त्यावरच्या शांततेची होती. संसारात राबलेल्या बाईचे काय देणे लागते, हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. म्हणूनच मर्यादा भुकेच्या मापाने पडली. ती 1923 मध्ये 100 आणि 1955 मध्ये 500 रुपये झाली. 1973 च्या संहितेच्या कलम 125 ने घटस्फोटितेलाही हक्क दिला, पण 500 चा आकडा तसाच ठेवला. मध्य प्रदेशाने 1998 मध्ये तो 3000 वर नेला आणि 2001 मध्ये देशभरातच मर्यादा उठली.

मर्यादा उठली तरी तिच्यामागची समजूत उरली, आणि ती अन्यायाची आहे. इंदूरच्या शाहबानोंचा खटला आपण धर्म आणि राजकारणासाठी आठवतो. मला त्यातले आकडे अधिक बोलके वाटतात. 1932 मध्ये लग्न, 1975 मध्ये घराबाहेर. नवरा वकील, वर्षाची मिळकत सुमारे 60,000 रुपये असल्याचे शाहबानोंचे म्हणणे. त्यांनी 500 मागितले. मॅजिस्ट्रेटने 1979 मध्ये महिना 25 रुपये दिले! उच्च न्यायालयाने 1980 मध्ये ते 179 रुपये 20 पैसे केले आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम कायम ठेवला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर पहिला हिशेब निघाला तो जेमतेम पोटापुरता.

यावर आक्षेप असा की शिकलेल्या बाईने कमवावे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने 2000 मध्ये असेच सुनावले होते. तिची खरी कमाई पोटगीतून वजा व्हावी, हे मलाही मान्य आहे. पण कमावण्याची क्षमता म्हणजे कमाई नव्हे. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या बाईला पंधरा वर्षांनी जुनी पदवी दाखवून काम मिळत नाही. नीमचहून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केले की स्वतःचा निर्वाह करू न शकणे म्हणजे कंगाल होणे नव्हे. प्रश्न नवऱ्याच्या घरी होते तसे राहणीमान राखता येते का, हा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: नवराच गरीब असेल तर? बऱ्हाणपुरात पॉवरलूमवर राबणाऱ्या, कापडाच्या मापावर मजुरी घेणाऱ्या माणसाकडे पगारपत्रक कुठले? त्याच्यावर अंदाजाने आकडा लादणे हाही अन्यायच, आणि मोठ्या यंत्रमागमालकाने उत्पन्न लपवून मजुराइतकीच पोटगी देणे हाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात 2020 मध्ये दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे झाले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळू लागली. मात्र ते शपथपत्र तपासायला मजुरीची वही, विजेचे बिल, सूतव्यापाऱ्याचा हिशेब हे सारे मागवण्याची चिकाटी न्यायालयाला दाखवावी लागेल.