गरोदरपण आणि वेदनाशामक गोळ्या

गर्भवती स्त्रीचे डोके दुखू लागले, पाठीत कळ आली किंवा अंगात ताप भरला, की घरात बहुधा दोन मते निघतात. कोणी म्हणते, एक गोळी घे आणि स्वस्थ पड. कोणी म्हणते, या दिवसांत गोळीला हातही लावायचा नाही. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात, परंतु दोन्ही अपुरे आहेत. आपण ज्यांना सरसकट 'पेनकिलर' म्हणतो त्या गोळ्यांत अगदी भिन्न स्वभावाची औषधे असतात. त्यांपैकी एक गरोदरपणात बहुतेक स्त्रियांना चालते, काही शेवटच्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकतात, तर एक अल्प मात्रेत मुद्दाम दिले जाते. म्हणून कोणते औषध, कितव्या महिन्यात आणि कोणत्या दुखण्यासाठी, हे तिन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत.

गर्भवतींच्या बाबतीत वैद्यकशास्त्र इतके सावध का असते, याला एक दुःखद इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. ते निर्धोक समजले जाई आणि गरोदरपणातील मळमळीवरही दिले जाई. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके हातापायांचे व इतर गंभीर व्यंग घेऊन जन्मली होती. आजही नव्या औषधांच्या चाचण्यांत गर्भवती स्त्रियांना सहसा घेतले जात नाही. त्यामुळे जी माहिती हाती येते ती प्रामुख्याने औषध घेतलेल्या स्त्रियांच्या व त्यांच्या बालकांच्या नोंदींवरून येते. अशा माहितीचा अर्थ लावताना घाई करून चालत नाही.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत नेमकी हीच घाई झाल्याचे आम्हांस वाटते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो या नावांनी मिळणारे हे औषध ताप व साध्या दुखण्यासाठी गरोदरपणात जगभर पहिल्या पसंतीचे मानले जाते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी या औषधाचा संबंध मुलांमधील स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, जोडला आणि ती बातमी जगभर पसरली. जागतिक आरोग्य संघटना व युरोपीय औषध संस्था यांनी लगोलग स्पष्ट केले, की असा संबंध सिद्ध झालेला नाही व त्यामुळे सल्ला बदलण्याचे कारण नाही.

ही शंका अगदीच निराधार होती असेही म्हणता येणार नाही. काही पाहण्यांत असा संबंध दिसला होता, आणि २०२१ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने अधिक सावधगिरीचे आवाहनही केले होते. परंतु ज्या स्त्रीला वारंवार गोळी घ्यावी लागते तिला मुळात काहीतरी आजार असतो, अर्धशिशी असते, संसर्ग असतो; शिवाय आनुवंशिकताही असतेच. मग परिणाम गोळीचा की त्या इतर कारणांचा? एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासाने याचे उत्तर शोधले. सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी त्यात होत्या. सर्व मुलांची सरसकट तुलना केली तेव्हा किंचित फरक दिसला. मात्र एकाच आईच्या दोन मुलांची, एकाच्या वेळी औषध घेतलेले व दुसऱ्याच्या वेळी न घेतलेले, अशी तुलना केली तेव्हा तो फरक नाहीसा झाला.

याउलट तापाचा धोका खरा आहे. पहिल्या काही आठवड्यांत चढलेला तीव्र ताप बाळाच्या मेंदू व पाठीच्या कण्याच्या घडणीस बाधक ठरू शकतो. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवर मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतात. अशा वेळी गोळीच्या भीतीने ताप अंगावर काढणे हे बाळाला जपणे नव्हे. तथापि गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नसते. रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

पॅरासिटामॉल घेताना लागेल तेवढीच मात्रा, लागेल तितकेच दिवस, हा नियम पाळावा. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर हवे. प्रौढ व्यक्तीसाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास ती याहून बरीच खाली येते. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे विसरल्याने नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. दोन-तीन दिवसांत आराम पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

आता दुसऱ्या गटाकडे वळू. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अॅसिड, निमेसुलाइड, केटोरोलॅक ही त्यांतील परिचित नावे. दुकानात आपण ती ब्रुफेन, व्होव्हेरान, मेफ्टाल, नाइस, केटोरॉल अशा नावांनी मागतो. शरीरात वेदना व सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ही औषधे रोखतात. (अॅस्पिरिन याच मार्गाने काम करते हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, पुढे १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.) अडचण अशी, की गर्भातील बाळाला ही द्रव्ये हवी असतात.

बाळ गर्भाशयात असताना फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्यामुळे हृदयाकडून फुप्फुसांकडे निघालेले बहुतेक रक्त एका आडवाटेच्या रक्तवाहिनीतून थेट महारोहिणीत वळते. ही वाट उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. अपुऱ्या दिवसांच्या काही बालकांत ती बंद होत नाही, तेव्हा नवजात शिशु विभागात डॉक्टर आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथासिन देऊन ती बंद करतात. जे औषध तेथे उपचार ठरते, तेच आईने सातव्या-आठव्या महिन्यात घेतले तर ही वाट वेळेआधी आकुंचन पावून बाळाच्या हृदयावर ताण येऊ शकतो. दुसरा परिणाम मूत्रपिंडांवर होतो. साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल मुख्यत्वे बाळाच्या लघवीतून तयार होते. ही औषधे काही दिवस चालू राहिली तर मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि गर्भजल घटते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासून ही औषधे टाळण्याचा इशारा दिला. पहिल्या महिन्यांतील गर्भपाताशी त्यांचा संबंध काही पाहण्यांत दिसला, काहींत दिसला नाही. तरी त्या काळातही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती न घेणेच योग्य.

खरा घोटाळा संयुक्त गोळ्यांत होतो. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असते. झेरोडॉल-पी मधील 'पी' पॅरासिटामॉलचा, परंतु मुख्य औषध अॅसिक्लोफेनॅक. सॅरिडॉनमध्ये प्रोपिफेनाझोन व कॅफीनही आहे. मासिक पाळीच्या वेळी घेतलेली मेफ्टाल-स्पास घरात उरलेली असते आणि पोटात दुखले की हात तिकडेच जातो. तेव्हा पाकिटावरील मोठ्या अक्षरांतील नाव बाजूस ठेवून खालचे बारीक अक्षरांतील घटक वाचावेत, आणि दुकानदारास आपण गर्भवती असल्याचे प्रथम सांगावे. कमरेला चोळायच्या डायक्लोफेनॅकयुक्त मलमांचाही काही अंश रक्तात उतरतो; तीही विचारूनच वापरावीत. एखादीने न कळत एक-दोन गोळ्या घेतल्या असतील तर घाबरून जाऊ नये. गर्भजलावरील परिणाम सहसा काही दिवसांच्या सेवनानंतर दिसतो व औषध थांबवल्यावर बहुधा भरून येतो. पुढील तपासणीत ही गोष्ट लपवू नये, एवढेच.

अॅस्पिरिनची गोष्ट निराळी आहे. डोकेदुखीसाठी डिस्प्रिनसारखी पूर्ण मात्रेची गोळी गरोदरपणात घेऊ नये. परंतु ७५ ते १५० मिलिग्रॅमची छोटी गोळी, जिला आपल्याकडे इकोस्प्रिन म्हणून ओळखतात, ती रक्तदाबाच्या घातक विकारापासून, म्हणजे प्री-एक्लॅम्प्शियापासून, बचावासाठी बाराव्या आठवड्यानंतर दिली जाते. आधीच्या खेपेस हा विकार झालेला असणे, जुना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा जुळी बाळे ही त्याची काही कारणे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अधिक जोखीम असलेल्या स्त्रियांमध्ये वेळेआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्री-एक्लॅम्प्शियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. 'पेनकिलर वाईट' असे कानावर पडल्याने ही गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. डेंग्यूची शंका असेल तेव्हा मात्र रक्तस्रावाच्या भीतीमुळे ती चालू असल्याचे डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

कोडीन व ट्रॅमाडॉल ही तीव्र औषधे केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. ती दीर्घकाळ घेतल्यास नवजात बाळाला सवय सुटल्याचा त्रास होऊ शकतो.

काही दुखणी दाबून टाकण्याजोगी नसतात. पाचव्या महिन्यानंतर सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, बरगड्यांखाली दुखणे, चेहरा व हात सुजणे ही प्री-एक्लॅम्प्शियाची लक्षणे असू शकतात. तेथे गोळीआधी रक्तदाब मोजला पाहिजे, तोही त्याच दिवशी. पाठदुखीसोबत थंडीताप व लघवीला जळजळ असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. पोटात ठरावीक अंतराने कळा, रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांत रुग्णालय गाठण्यास विलंब नको. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दातदुखीसाठी मात्र महिनोन्महिने गोळ्या घेत बसू नये. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात आणि हिरडी बधिर करण्याचे नेहमीचे इंजेक्शनही चालते.

आपल्या काही भाविक भगिनींना वाटते, की आईपणाच्या वेदना मुकाट्याने सोसल्या पाहिजेत. ख्रिस्तसभेने तसे बंधन घातलेले नाही. पोप बारावे पायस यांनी १९५६ साली वेदनारहित प्रसूतीच्या पद्धतीस नैतिकदृष्ट्या आक्षेप नसल्याचे सांगितले, आणि २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदनाशामक उपचार स्वीकारणे उचित असल्याचे स्पष्ट केले.

ज्यांना खाजगी डॉक्टरांचा खर्च जड जातो त्यांच्यासाठी २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, अर्धी संपलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत. नावे आठवत बसण्यापेक्षा ते सोपे पडते. बाळंतपणानंतर चित्र पुन्हा बदलते. अंगावर पाजणाऱ्या आईस पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन दोन्ही सामान्यतः चालतात, कारण दुधात त्यांचा फार थोडा अंश उतरतो. दुखण्यासाठी अॅस्पिरिन मात्र तेव्हाही टाळावे.