गणवेशांतील माणसें

विमान-कंपनीचें भांडवल कोणतें? हिशेबाच्या वहींत विमानें, इंजिनें, सुटे भाग आणि बँकांचें कर्ज यांची नोंद असते. उतारूचा संबंध मात्र यांपैकीं कशाशींहि फारसा येत नाहीं. इंजिन त्याला दिसत नाहीं. वैमानिकाचा केवळ आवाज ऐकूं येतो. त्याला भेटतात तीं दारांत नमस्कार करणारीं, पाण्याचा पेला हातीं देणारीं, विमानास उशीर झाला असतां त्याचा राग निमूटपणें झेलणारीं माणसें. त्याच्या दृष्टीनें कंपनी म्हणजे हींच माणसें होत. जेट एअरवेज या मुंबईच्या कंपनीचा उदय आणि अस्त पाहूं गेल्यास, या माणसांच्या वाट्यास काय आलें हाच त्या इतिहासाचा गाभा ठरतो.

भारतांतील नागरी विमानवाहतुकीचा आरंभहि मुंबईशींच जोडलेला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरले. त्या उद्योगांतून पुढें एअर-इंडिया उभी राहिली. १९५३ मध्यें ती सरकारच्या मालकीची झाली, तरी १९७८ पर्यंत टाटाच तिचे अध्यक्ष होते. प्रवासाहून परतल्यावर चहा, खुर्ची, सेवकांची वागणूक यांवर ते बारीकसारीक टिपणें लिहून संबंधितांस धाडीत. मात्र त्या काळास सुवर्णयुग म्हणतांना थोडें थांबावें लागतें. त्याच कंपनीच्या नियमानुसार हवाई सुंदरीची नोकरी पस्तिसाव्या वर्षीं, किंवा पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणीं संपुष्टांत येई. नर्गेस मिर्झा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें गर्भारपणाची अट रद्द ठरविली; विवाहाची अट मात्र ग्राह्य मानली. उतारूच्या चहाची जेवढी चिंता, तेवढी तो चहा देणारीच्या संसाराची नव्हती, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

नव्वदीच्या आरंभीं सरकारी मक्तेदारी सैल झाली आणि खासगी कंपन्यांचें पीक आलें. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त हीं नांवें थोड्या वर्षांतच विस्मरणांत गेलीं. टिकली ती जेट. तिकिटविक्रीच्या धंद्यांत मुरलेले नरेश गोयल यांनीं चार भाडोत्री बोइंग विमानांनिशीं ५ मे १९९३ पासून तिचीं उड्डाणें सुरू केलीं. सरकारी विमानांची दिरंगाई आणि बेपर्वाई यांना विटलेल्या उतारूला त्यांनीं तीन गोष्टी देऊं केल्या: घड्याळाप्रमाणें उड्डाण, गरम जेवण आणि अदबीचें बोलणें. यांतल्या पहिल्या दोन पैसे टाकून मिळतात. तिसरी मिळवावयाची तर माणसें जोडावीं लागतात. जेटनें तीं जोडलीं होतीं, आणि तिचा लौकिक त्यांवरच उभा होता.

पुढें दिवस पालटले. २००३ मध्यें एअर डेक्कननें स्वस्त तिकिटांची चाल पाडली. २००५ मध्यें किंगफिशर थाटामाटानें अवतरली. २००६ मध्यें इंडिगो आली. उतारूनें जेटच्या पाहुणचाराचें कौतुक केलें आणि तिकीट दुसरीकडचें स्वस्तांतलें काढलें. या व्यवहारांत त्याचाहि वांटा आहे, हें विसरून चालणार नाहीं. २००७ मध्यें जेटनें १,४५० कोटि रुपयांस सहारा कंपनी विकत घेतली, आणि दुसऱ्याच वर्षीं खनिज तेलाचा भाव पिंपास १४७ डॉलरपर्यंत चढला.

१३ ऑक्टोबर २००८ रोजीं जेट व किंगफिशर या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनीं सहकार्याचा करार जाहीर केला. दोनच दिवसांनीं, म्हणजे टाटांच्या त्या पहिल्या उड्डाणास नेमकीं शाहत्तर वर्षें झालीं त्या दिवशीं, जेटनें सुमारें ८०० विमानसेवकांना नोकरींतून कमी केल्याचें आणि आणखी सुमारें ११०० जणांना कमी करणार असल्याचें प्रसिद्ध झालें. बहुतेक उमेदवारीवरचीं, विशी-बाविशींतलीं मुलेंमुली. कित्येकांच्या आईबापांनीं त्यांच्या शिक्षणासाठीं कर्ज काढलें होतें. विमानांत कोणत्याहि प्रसंगीं हंसतमुख राहण्याचें शिक्षण दिलेलीं हीं माणसें कंपनीच्याच पिवळ्या गणवेशांत रस्त्यावर उतरलीं, आणि त्यांचे रडवेले चेहरे घरोघर दूरचित्रवाणीवर दिसले. जाहिरातींवर कोट्यवधि खर्चून जें चित्र उतारूच्या मनांत रंगविलें, तें एका दुपारींत पुसलें गेलें.

त्यांपैकीं कांहीं जण मदतीसाठीं राज ठाकरे यांच्याकडे गेले. या मुलांना परत घेतलें नाहीं तर जेटचीं विमानें मुंबईहून उडूं देणार नाहीं, असा इशारा त्यांनीं दिला. दिल्लींतूनहि दडपण आलें. १६ तारखेच्या रात्रीं गोयल यांनीं पत्रकारांसमोर येऊन सर्वांना कामावर परत बोलाविलें, त्यांच्या डोळ्यांतले अश्रु आपल्याला पाहवले नाहींत असें सांगितलें, आणि क्षमाहि मागितली. कळवळा खरा असेल. परंतु तो आदल्या दिवशीं कोठें होता, हा प्रश्न त्या मुलांच्या घरीं विचारला गेलाच असेल. खर्चाची अडचण खोटी नव्हती. ती सेवकांना विश्वासांत घेऊन सांगण्याची रीत मात्र त्या कंपनींत पडली नव्हती.

तें पुढल्याच वर्षीं दिसून आलें. वैमानिकांनीं आपला संघ स्थापन केला, तेव्हां पुढाकार घेणाऱ्या दोघांना कंपनीनें बडतर्फ केलें. ८ सप्टेंबर २००९ पासून शेंकडों वैमानिक एकाच वेळीं 'आजारी' पडले. सुमारें पांच दिवस शेंकडों उड्डाणें रद्द झालीं आणि हजारों उतारू विमानतळांवर अडकून पडले. त्यांचा या भांडणाशीं कांहींएक संबंध नव्हता. अखेर बडतर्फ वैमानिकांना परत घ्यावें लागलें. मोडलेला प्रवास मात्र कोणाला परत मिळाला नाहीं.

किंगफिशर २०१२ मध्यें महिनोन्महिन्यांचे पगार थकवून बंद पडली. जेटला २०१३ मध्यें अबुधाबीच्या एतिहादनें २४ टक्के भाग घेऊन तारलें. तरीहि २०१८ च्या ऑगस्टपासून वैमानिक, अभियंते व वरिष्ठ अधिकारी यांचे पगार तुकड्यातुकड्यांनीं मिळूं लागले. त्याच सप्टेंबरांत मुंबईहून जयपुरास निघालेल्या विमानांत हवेचा दाब राखणारी कळ सुरू करावयाची राहून गेली आणि सुमारें तीस उतारूंच्या नाकाकानांतून रक्त आलें. या चुकीचा थकलेल्या पगाराशीं संबंध जोडणें न्यायाचें होणार नाहीं. पण उतारूच्या मनानें तो जोडला असल्यास त्याला दोष देतां येत नाहीं.

२०१९ च्या मार्चमध्यें गोयल संचालकपदावरून दूर झाले. ज्या वैमानिक संघानें दहा वर्षांपूर्वीं विमानें जमिनीवर आणलीं, त्यानेंच आतां पगार थकलेला असतां काम थांबविण्याची तारीख आधीं १ एप्रिलवरून १५ एप्रिलवर आणि मग त्याहिपुढें ढकलली, व स्टेट बँकेनें १,५०० कोटि रुपये द्यावे म्हणजे वीस हजार लोकांची पोटें वांचतील, अशी विनंती केली. मालक निघून गेल्यावर कंपनीची काळजी वाहणारे उरले ते हेच नोकर. पैसा आला नाहीं. १७ एप्रिल २०१९ च्या रात्रीं अमृतसरहून निघालेलें शेवटचें विमान मुंबईस उतरलें. आगाऊ तिकिटें काढलेले उतारू परताव्यासाठीं धनकोंच्या रांगेंत उभे राहिले.

पुढचें सारें न्यायालयांत घडलें. कंपनी पुन्हां उभी करण्याची एक योजना मंजूर झाली, परंतु ती सिद्धीस गेली नाहीं. सेवकांचा भविष्यनिर्वाह निधि व ग्रॅच्युइटी पुरती द्यावी, असा निकाल अपील न्यायाधिकरणानें २०२२ मध्यें दिला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनीची मालमत्ता विकून देणीं भागविण्याचा हुकूम केला. तोंवर तिच्या हवाई सुंदऱ्या केव्हांच पांगल्या होत्या. कित्येकींना दुसऱ्या कंपन्यांनीं कमी पगारावर ठेवून घेतलें, आणि जेटनें शिकविलेला तोच नमस्कार दुसऱ्या रंगाच्या गणवेशांत त्या विमानाच्या दारांत उभ्या राहून करूं लागल्या.