४५१ नंतरचा विजय झोल

२०११ साली जालन्याच्या विजय झोलने कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. पुढे रणजी पदार्पणातही द्विशतक. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार. हाताखाली संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव. हे तिघे पुढे भारताकडून खेळले, कर्णधार मात्र राहिला.

'वाया गेला' म्हणून आपण मोकळे होतो. आम्हा संगमनेरकरांना ज्याचं कौतुक, तो अजिंक्य रहाणे २००७ मध्ये रणजीत उतरला. कसोटीची टोपी मिळाली २०१३ मध्ये. मधली सगळी वर्षं धावा काढूनही वाट पाहण्यातच गेली. एवढ्या अरुंद दारातून सगळेच कसे जाणार? विजयने धावा केल्या होत्या, वचन दिलं नव्हतं. अपेक्षा आपली होती. हिशेब मात्र आपण त्याच्याकडे मागतो.