चेहऱ्यांच्या भिंगातून आकाशगंगेकडे

खाली डोंगर किंवा तळ्याचा काठ आणि वर आकाशगंगा, असे दोन्ही एकाच चौकटीत घेणाऱ्या छायाचित्राला आज ‘नाइटस्केप’ म्हणतात. त्याचे मूळ वेधशाळेच्या दुर्बिणीत असावे असे कोणालाही वाटेल. परंतु त्याचे कूळ शोधू गेल्यास ते माणसांचे चेहरे टिपणाऱ्या भिंगापाशी जाऊन पोहोचते. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झव्हाल यांनी गणिताने सिद्ध केलेले हे भिंग तोंडाशी रुंद असल्याने पुष्कळ प्रकाश आत घेई आणि त्यामुळे गिऱ्हाइकाला फार वेळ निश्चल बसावे लागत नसे. १८५० मध्ये हार्वर्डच्या मोठ्या दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे छायाचित्र निघाले खरे, पण तो एकच ठिपका होता. विस्तृत आकाश हवे तर भिंग रुंद नजरेचेच हवे. १८५८ मध्ये लंडनजवळच्या सरी परगण्यात विल्यम अशरवुड यांनी व्यक्तिचित्रांच्या भिंगातून, अवघ्या ७ सेकंदांत, डोनाटीचा धूमकेतू टिपला आणि धूमकेतूचे ते पहिलेच छायाचित्र ठरले.

या परंपरेला खरे रूप आले ते एडवर्ड एमर्सन बार्नार्ड यांच्या हातून. नॅशव्हिलच्या एका छायाचित्रशाळेत लहानपणीच कामाला लागलेल्या या गरीब मुलाकडे, सूर्यप्रकाशावर चित्रे मोठी करणारे यंत्र दिवसभर सूर्याच्या दिशेने वळवत राहण्याचे काम होते. पुढे १८८९ पासून कॅलिफोर्नियात सॅन होजे शहरावरील माउंट हॅमिल्टनच्या लिक वेधशाळेत त्यांनी, पूर्वी एका छायाचित्रशाळेत चेहऱ्यांसाठी वापरले जाणारे जुने भिंग लावून, आकाशगंगेची छायाचित्रे घेतली, तेव्हा तासन्‌तास ताऱ्यांमागे यंत्र वळवण्याची तीच चिकाटी कामी आली. त्या बालपणाला या कुळकथेत मानाचे स्थान द्यावे लागते.

मात्र बार्नार्ड यांच्या चित्रांत जमीन नाही, आणि त्याचे कारण पृथ्वीच्या परिवलनात, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यात आहे. आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते. कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवला तर डोंगर पुसट होतो आणि स्थिर ठेवला तर तारे रेघा ओढतात. हा पेच सुटण्यासाठी काही सेकंदांतच मंद प्रकाश टिपणारे डिजिटल संवेदक यावे लागले. ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने, म्हणजे भिंग व त्यातून उमटणारी दूरच्या वस्तूची प्रतिमा यांतील मिलिमीटरमधील अंतराने, भागावे आणि येईल तितके सेकंद कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावी, असा ढोबळ ठोकताळा छायाचित्रकार वापरतात. २४ मिलिमीटरच्या भिंगाला तो सुमारे २० सेकंद देतो.

तंत्राचा पेच असा सुटला, तरी शहराच्या उजेडाचा सुटला नाही. लिकच्या आकाशासाठी सॅन होजेने १९८० च्या सुमारास कमी दाबाच्या सोडियम वाफेचे पथदिवे स्वीकारले, कारण त्यांचा जवळजवळ एकरंगी पिवळा प्रकाश वेधांतून गाळून टाकता येई. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नागपूरहून काही तासांत गाठता येणाऱ्या या जंगलाच्या कडेला वाघोली, सिल्लारी यांसारख्या गावांतील पथदिव्यांची तोंडे त्यासाठी जमिनीकडे वळवण्यात आली.