स्वस्त यंत्राचं कुलूप

यंत्र तोट्यात विकायचं आणि पैसे गेममधून वसूल करायचे, हा व्हिडिओ गेमच्या धंद्यातला रिवाज आता इतका रुळला आहे की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. 2021 मध्ये एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या लॉरी राइट यांनी साक्ष दिली, की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. एक्सबॉक्स बाजारात येऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती.

या रिवाजाचं मूळ सांगताना हमखास जिलेटचा दाखला दिला जातो: रेझर स्वस्त, पाती महाग. तो दाखला इथे लागू पडत नाही. जिलेटची पेटंटं जिवंत होती तोवर त्याचं रेझर 5 डॉलरला, म्हणजे त्या काळी चांगलंच महाग, विकलं जात होतं. स्वस्त रेझर आलं ते 1921 मध्ये पेटंटं संपल्यावर. व्हिडिओ गेममध्ये यंत्र स्वस्त विकणं परवडावं म्हणून आधी एक कुलूप बनवावं लागलं, आणि खरी कुळकथा त्या कुलपाचीच आहे.

कुलूप नसताना काय होतं, ते अटारीने अनुभवलं. 1977 मध्ये तिने व्हीसीएस हे यंत्र 199 डॉलरला आणलं. यंत्रावर फारसं कमवायचं नाही, कमाई कार्ट्रिजवर करायची, असा हिशेब होता. पण त्या यंत्राच्या खाचेत कुणाचंही कार्ट्रिज चालत असे. 1979 मध्ये अटारीचेच चार प्रोग्रॅमर श्रेय आणि मोबदला मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीत स्वतःचे गेम बनवायला घेतले. अटारी कोर्टात गेली, शेवटी तडजोड झाली, आणि बाकीच्यांना वाट मोकळी झाली. 1983 पर्यंत अमेरिकेतली दुकानं सुमार गेमांनी भरून गेली, भाव कोसळले. त्या वर्षी अटारीने न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली. 2014 मध्ये ती उकरून काढली गेली.

त्याच 1983 च्या जुलैमध्ये क्योटोच्या निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम 14,800 येनला आणला. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांना किंमत खाली हवी होती. त्यासाठी त्यांनी रिको कंपनीला 30 लाख चिपांच्या खरेदीचा शब्द दिला. त्या वेळी हा आकडा अवाढव्य होता. पण जपानी फॅमिकॉमलाही कुलूप नव्हतं. ते बसलं 1985 मध्ये, अमेरिकेसाठी बनवलेल्या त्याच्या आवृत्तीत, एनईएसमध्ये.

त्याचं काम साधं होतं. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार प्रत्येक कार्ट्रिजमध्ये. दोघी एकाच वेळी एकच गणित सोडवत राहायच्या. उत्तरं जुळली नाहीत की यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट व्हायचं आणि गेम सुरूच व्हायचा नाही. आता गेम काढायचा तर निन्टेन्डोचं लायसन्स हवं. कार्ट्रिज निन्टेन्डोच बनवणार, पैसे आगाऊ घेणार, वर्षाला पाचच गेम काढू देणार आणि तोच गेम दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर येऊ देणार नाही. सुमार गेमांचा पूर थांबला हे खरं, पण एका कंपनीच्या हाती इतकी सत्ता एकवटली, हेही तितकंच खरं.

अटारीतूनच निघालेल्या अटारी गेम्स कंपनीला ती सत्ता मान्य नव्हती. तिने आधी लायसन्स घेतलं, मग 1988 च्या डिसेंबरमध्ये निन्टेन्डोवर खटला भरला आणि टेन्जेन या नावाने विनापरवाना कार्ट्रिजं विकायला काढली. खटला भरण्याआधी कुलूप फोडणं जमत नव्हतं, म्हणून तिच्या वकिलांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात अर्ज केला, की खटल्यासाठी चिपमधल्या प्रोग्रॅमची प्रत हवी. तेव्हा असा खटला सुरूच नव्हता. त्या प्रतीच्या आधारे टेन्जेनची चिप पुरी झाली. 1992 मध्ये अपील कोर्टाने या खोट्या अर्जावर बोट ठेवलं आणि विक्रीवरची मनाई कायम केली. चिपचं कुलूप आता कायद्यानेही पक्कं केलं.

कुलपाची किल्ली यंत्र बनवणाऱ्याच्याच हाती हवी, हे 1993 मध्ये थ्रीडीओने दाखवून दिलं. ट्रिप हॉकिन्स यांच्या या कंपनीने आराखडा दिला, यंत्र पॅनासॉनिकने बनवलं. डिस्कमागे 3 डॉलरची रॉयल्टी मात्र हॉकिन्स यांच्या कंपनीला. पॅनासॉनिकला सगळी कमाई यंत्रावरच करायची होती, त्यामुळे किंमत लागली 699 डॉलर. ते यंत्र चाललं नाही. 1995 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सेगाने आपल्या सॅटर्न यंत्राची किंमत 399 डॉलर जाहीर केली, आणि सोनीच्या स्टीव्ह रेस यांनी मंचावर येऊन एवढंच सांगितलं: 299. प्लेस्टेशन बनवणारी सोनी आणि प्रत्येक डिस्कवर पैसे घेणारी सोनी एकच होती.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे टीव्ही गेम घरोघरी आले, ते बहुतेक त्या बिनकुलपाच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. म्हणूनच त्यांच्या कॅसेटी इतक्या स्वस्त मिळत आणि एकेकीत ढीगभर गेम असत. लायसन्सचे पैसे कुणाला द्यायचेच नव्हते. यंत्र तोट्यात विकण्याचा रिवाज आपल्याकडे पोचला तो खऱ्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सबरोबर, बराच उशिरा.

आता कुलूप चिपमधून दुकानात गेलं आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 भारतात आला तो 49,990 रुपयांना, आणि डिस्क ड्राइव्ह नसलेला 39,990 रुपयांना. ड्राइव्ह नसलेल्या यंत्रात जुन्या बाजारातली डिस्क चालत नाही, मित्राकडून आणलेली चालत नाही, खेळून झालेला गेम विकता येत नाही. यंत्रावरची प्रत्येक खरेदी कंपनीच्या दुकानातूनच होते. वाचलेल्या पैशांत किती गेम बसतात आणि डिस्कवर ते किती कमी पैशांत मिळाले असते, हा हिशेब यंत्र घेण्याआधी कागदावर मांडून पाहा.