जपानी भाषेतून वित्तनियोजनाची परीक्षा

कौटुंबिक वित्तनियोजनाचे ज्ञान पारखणारी ‘एफपी’ ही जपानमधील राष्ट्रीय कौशल्यपरीक्षा २००२ पासून घेतली जाते. तिच्या तीन श्रेणी असून तिसरी सर्वांत सोपी. आयुर्नियोजन, विमा, गुंतवणूक, कर, स्थावर मालमत्ता आणि वारसा असे सहा विषय अभ्यासावे लागतात. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या सैद्धांतिक भागात ६० प्रश्न असतात व ३६ उत्तरे बरोबर आल्यास उमेदवार उत्तीर्ण होतो. तिसरी श्रेणी एप्रिल २०२४ पासून, तर दुसरी एप्रिल २०२५ पासून संगणकावर घेतली जाते.

परकीय उमेदवाराला गणित फारसे अडवत नाही. अडवतात ते शब्द. जपानी भाषाप्राविण्याचा सर्वोच्च ‘एन-वन’ स्तर गाठलेल्यांनाही ही परिभाषा नवी असते. ‘सोझोकुनिन’ म्हणजे वारस. त्याआधी ‘हि’ हे एकच चित्राक्षर आले की अर्थ होतो, ज्याची मालमत्ता वारशाने जाते तो मृत. ‘कोजो’ म्हणजे वजावट. परंतु वैद्यकीय खर्चाची कोजो उत्पन्नातून वजा होते, गृहकर्जाची मात्र थेट करातून. अशा शब्दाचा मराठी वा इंग्रजी प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. कोष्टकात तो कोणत्या पायरीवर येतो, हेच लक्षात ठेवावे लागते. दुसऱ्या श्रेणीतील प्रश्न कधी सर्वांत योग्य, तर कधी सर्वांत अयोग्य विधान विचारतात. तेथेही फरक ‘फु’ या एका अक्षराचाच.

आकड्यांची मोजणीही वेगळी. ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी. लाख-कोटीत विचार करणाऱ्याला ‘तीन हजार मान’ म्हणजे तीन कोटी, हे रूपांतर सतत करावे लागते.

वारशाचे प्रकरण भारतीयांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. भारतात वारशावरील कर १९८५ मध्ये रद्द झाला. जपानमध्ये त्याचा कमाल दर ५५ टक्के आहे. मूलभूत वजावट तीन कोटी येन अधिक प्रत्येक कायदेशीर वारसामागे ६० लाख येन. म्हणजे पत्नी व दोन मुले मागे असल्यास चार कोटी ८० लाख. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याला परदेशातील वारशाबाबत सवलती आहेत. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन टोकियोत राहणाऱ्याला मात्र वडिलांचे पुण्यातील घर मिळाले, तरी तेही जपानी कराच्या हिशेबात धरले जाते. परवान्यासाठी अर्ज करतानाच हे ठाऊक असलेले बरे.

पुस्तक मात्र ताजे हवे. जून ते पुढील मे या काळातील परीक्षांना त्या वर्षीच्या १ एप्रिलला अमलात असलेले नियम लागू होतात.

उत्तीर्ण झाल्यावरही करसल्लागाराचा परवाना नसेल, तर दुसऱ्याचे करविवरणपत्र तयार करून देता येत नाही; विनामोबदलाही नाही. सैद्धांतिक भागाचा पहिलाच प्रश्न बहुधा या मर्यादेविषयी असतो.